शिवारातली वीज आधी शिवाराला : ग्रिडला जोडलेल्या सौर प्रकल्पांविषयी मागणीपत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : सौर प्रकल्पांतील वीज, त्यांना दिलेली जमीन आणि त्यांचे उत्पन्न यांबाबत जत पूर्व भागातील शेतीपंपधारक, मेंढपाळ व घरगुती वीजग्राहकांच्या मागण्या.

महोदय,

आम्ही सौर विजेच्या बाजूचे लोक आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहावे लागते, कारण प्रकल्पाच्या बैठकीत कोणी प्रश्न विचारला की तो विकासाला आडवा येतो असा अर्थ काढला जातो. ज्या तालुक्यात पाऊस चुकतो पण ऊन चुकत नाही, त्या तालुक्याला उन्हातून वीज नको असेल असे मानणेच चुकीचे आहे. आमच्या संघटनेत डाळिंब आणि द्राक्षे करणारे बागाईतदार आहेत, एका बोअरवर दोन एकर ज्वारी भिजवणारे आहेत, माडग्याळी मेंढ्या राखणारे धनगर बांधव आहेत, पिठाची गिरणी आणि दूध संकलन केंद्र चालवणारे आहेत, आणि कर्ज काढून छतावर पॅनेल बसवलेले शिक्षक-दुकानदारही आहेत. या सगळ्यांचे हितसंबंध प्रत्येक वेळी जुळत नाहीत. तरी एका गोष्टीवर सर्वांचे एकमत झाले आणि तिच्यातूनच पुढच्या मागण्या निघाल्या आहेत : ज्या शिवारात सौर वीज तयार होते, त्या शिवारातल्या शेवटच्या डीपीपर्यंत ती दिवसा पोहोचली पाहिजे, आणि पोहोचली की नाही हे गावाला स्वतः तपासता आले पाहिजे.

देशपातळीवर या विषयाची चर्चा फार वेगळ्या उंचीवरून चालते. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट हे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॉट झाले आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस देशाने तो आकडा ओलांडलाही. अभियानाच्या पहिल्या लिलावांत युनिटला दहा-बारा रुपये पडणारी वीज २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैशांवर आली. ही कामगिरी मोठी आहे आणि आम्हाला तिचा अभिमान वाटतो. पण मेगावॉट किती बसले आणि युनिट कितीला पडले या दोन आकड्यांत ती वीज कोणाच्या मोटरीपर्यंत गेली हे कुठेच दिसत नाही. एक बाजू म्हणते, सौर वीज स्वस्त आहे, वाढवत चला. दुसरी म्हणते, सूर्य मावळल्यावर कोळसाच लागतो, मग हा दुहेरी खर्च गरीब देशाने का करावा. दोन्ही बाजूंच्या हिशेबात आमचा फीडर येत नाही.

या भागाने अपारंपरिक वीज पूर्वीही पाहिली आहे. शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची पाती आमच्या लोकांनी वर्षानुवर्षे फिरताना पाहिली, आणि त्याच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. पठारावरची वीज ग्रिडमध्ये गेली, ग्रिडमधून जिथे मागणी होती आणि पैसे होते तिथे गेली. ग्रिडचा स्वभावच तो आहे, त्यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच ग्रिडला जोडलेला प्रकल्प गावात आला म्हणजे गावाला वीज मिळाली, असे आपोआप होत नाही. ते नियम करून घडवावे लागते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने नेमके हेच करण्याचे आश्वासन दिले, आणि म्हणून आम्ही तिचे स्वागत केले. २०१७ ला ती आली; राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिचे दुसरे रूप आले, उद्दिष्ट आधी ७,००० आणि पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प चालू झाला. उपकेंद्राच्या जवळ लहान प्रकल्प, तिथूनच निघणाऱ्या शेती फीडरला दिवसा वीज, तीन रुपयांच्या आसपास दर, लांबच्या पारेषणातली गळती नाही : कल्पना चोख आहे. एकेकट्या सौर पंपापेक्षाही आम्हाला ती अधिक पटते, कारण पंपाला जोडलेले पॅनेल पाणी द्यायचे नसते तेव्हा रिकामे बसते, ग्रिडला जोडलेले बसत नाही. शिवाय आमच्याकडची बोअर पाचशे-सहाशे फुटांच्या खाली गेलेली आहेत, तिथे सौर पंपाला धाप लागते. नवीन जोडणीला अर्ज केला की सौर पंपच पुढे केला जातो. खोल बोअर असलेल्या शेतकऱ्याला ग्रिडची जोडणी निवडण्याची मुभा असलीच पाहिजे, ही मागणी इथेच नोंदवून ठेवतो.

मागणी पहिली : फीडरचा हिशेब गावात लागला पाहिजे

रातपाळी म्हणजे काय ते ज्यांनी धोरण लिहिले त्यांनी बहुधा पाहिलेले नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शेती फीडरला एक आठवडा दिवसा वीज आणि पुढचा आठवडा रात्री, असे चक्र आहे. रात्री लाईट आली की बॅटरी आणि काठी घेऊन बोअरवर जायचे, स्टार्टर बघायचा, मग बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह एकामागून एक फिरवायचे. ज्वारीला पाटपाणी असेल तर अंधारात, थंडीत, पायाखाली काय आहे हे न दिसता दारं धरायची. मध्येच एक फेज गेली की मोटर नुसती गुणगुणते, आणि प्रिव्हेंटर बिघडलेला असेल तर जळते. पुन्हा रात्रीचे जायला नको म्हणून लोक स्टार्टरला ऑटो लावतात. मग लाईट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते आणि आठ-दहा दिवस पूर्ण वस्ती कोरडी राहते. साप चावून, ओल्या हाताने पेटीला हात लावून माणसे गेली आहेत. त्यांची नावे आम्ही इथे लिहीत नाही, गावाला ती पाठ आहेत.

दिवसाची सौर वीज हे सारे थांबवू शकते, पण शेवटच्या डीपीला पुरेसे व्होल्टेज असेल तरच. प्रकल्प उपकेंद्राला जोडला, तिथे मीटर फिरला, कागदावर फीडर 'सौर' झाला, आणि तरीही आठ-दहा किलोमीटर लांब, जुन्या बारीक तारेच्या टोकाला दुपारी दोन वाजता मोटर उचलत नाही, असा अनुभव आमच्या सभासदांनी सांगितला आहे. चौकशी केल्यावर उत्तर मिळते की फीडर चालू होता. तो चालू होताच. पण चालू फीडर आणि पाणी ओढणारी मोटर यांच्यामध्ये तार, रोहित्र, कॅपॅसिटर, फ्यूज, आणि दहा गावांना पुरा पडणारा एक वायरमन एवढे सगळे येते. पॅनेलवर जेवढा खर्च झाला त्याच्या काही अंशही या मधल्या साखळीवर झाला नाही तर उन्हाची वीज उपकेंद्रातच अडकून पडेल.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक सौर फीडरसाठी पाच गोष्टी रोज जाहीर व्हाव्यात : प्रकल्पाने उपकेंद्राला किती युनिट दिले, शेती फीडरला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तिन्ही फेज मिळाल्या, मध्ये किती वेळा आणि कशामुळे खंड पडला, फीडरच्या टोकाच्या रोहित्रावर व्होल्टेज किती होते, आणि फीडरला नको असलेली वीज किती व कुठे गेली. फीडरवर मीटर बसलेले आहेत, उपकेंद्राची नोंद ठेवली जाते. टोकाच्या रोहित्रावर एक मीटर वाढवावा लागेल, बाकी माहिती आजही तयार आहे. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि वितरण कंपनीच्या संकेतस्थळावर मराठीत यावी. महिन्यातून एकदा त्या महिन्याचा उतारा ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि कनिष्ठ अभियंता त्या वेळी हजर असावा.

ही नोंद निव्वळ माहितीसाठी नको. सौर घोषित केलेल्या फीडरला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच यांतले सलग आठ तास योग्य व्होल्टेजची तीन फेज वीज हे आयोगाने सेवेच्या मानकात लिहावे, आणि ते न पाळल्यास भरपाई ग्राहकाने अर्ज न करताच त्याच्या खात्यात यावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून माफ आहे, तेव्हा भरपाई कशातून वजा करणार असे विचारले जाईल. ती रोख द्यावी. वीज मोफत आहे म्हणून ती कशीही दिली तर चालेल, हा विचार आम्हाला मान्य नाही. त्या विजेचे पैसे राज्य सरकार भरते, म्हणजे ते जनतेचेच आहेत.

मागणी दुसरी : गायरानाचा निर्णय ग्रामसभेचा

एक मेगावॉटला चार ते पाच एकर जागा लागते. पाच मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे वीस-पंचवीस एकरांवर कुंपण. खाजगी जमीन घेतली तर योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. बरड रान असलेल्या शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे आणि आमचे काही सभासद आनंदाने जमीन द्यायला तयार आहेत. सरकारी जमिनीला मात्र नाममात्र भाडे. विकासक साहजिकच सरकारी जमीन आधी मागतो, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली गुरचरणासाठी राखलेल्या या जमिनीला कागदोपत्री पडीक म्हटले की ती मोकळी वाटू लागते. ती मोकळी नाही. पावसाळ्यानंतर तिच्यावर पवना आणि कुसळी उगवते, माडग्याळी मेंढीचे कळप तिथे बसतात, ज्याला एक गुंठा जमीन नाही त्याच्या दोन शेळ्या तिच्यावरच जगतात. तिथे लांडगा आहे, खोकड आहे, धाविक आहे. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केले तो माळढोक अशाच माळावरचा पक्षी. त्याच्या राजस्थान-गुजरातमधल्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२१ मध्ये त्या जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. माळ रिकामा आहे असे गृहीत धरून पुढे गेले की नंतर कोणाचेच काम सोपे राहत नाही, प्रकल्पवाल्यांचेही नाही. गावाच्या सामायिक जमिनींचे महत्त्व याच न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सांगितले आहे.

एका गावात आम्ही पाहिलेली गोष्ट अशी. कुंपण पडले तेव्हा ओढ्यावर जायची जुनी वाट आत गेली. मेंढ्यांना पाण्यावर न्यायला आता डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत त्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा असतात. आराखडा करताना कोणी एका मेंढक्याला विचारले असते तर चार मीटरची वाट सोडायला कंपनीचे दोन पॅनेलही कमी झाले नसते.

तेव्हा : गायरान देण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करावा, आणि त्या सभेची दवंडी वाड्या-वस्त्यांवर व मेंढपाळांच्या वाड्यांवर पोहोचावी. कळप बाहेर चारणीला गेलेले असतात त्या महिन्यांत अशी सभा घेऊ नये. आधी उपकेंद्राच्या परिसरातली खाजगी बरड जमीन, कालव्यांचे काठ, शासकीय इमारतींची छते तपासल्याचा लेखी अहवाल सभेपुढे ठेवावा. गुरांच्या व माणसांच्या वहिवाटीच्या वाटा नकाशात दाखवून त्या खुल्या ठेवाव्यात. पॅनेल थोडे उंच बसवले तर खाली गवत येते आणि मेंढ्या चरू शकतात. तशी अट निविदेतच घालावी, म्हणजे गवत मारायला औषध फवारण्याची गरजही उरणार नाही.

मागणी तिसरी : उत्पन्नात गावाचा कायमचा वाटा

योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे, एकूण पंधरा लाख रुपये मिळतात. प्रकल्प मात्र पंचवीस वर्षांचा. आठ हेक्टर गायरानाला खाजगी जमिनीचाच दर लावला असता तर वर्षाला दहा लाख, म्हणजे वाढ न धरताही पंचवीस वर्षांत अडीच कोटी झाले असते. गावाची सामायिक जमीन खाजगी जमिनीपेक्षा स्वस्त असण्याचे कारण आम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.

आम्ही अशक्य काही मागत नाही. पाच मेगावॉटचा प्रकल्प आमच्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण ऐंशी लाख युनिट देतो. युनिटमागे पाच पैसे गावाला दिले तर वर्षाचे चार लाख होतात. तीन रुपयांच्या दरात पाच पैसे म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. प्रकल्प चालू आहे तोवर हा वाटा ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात यावा आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवावे. यामुळे पॅनेलवरची धूळ, चोरी, तुटलेली तार या सगळ्यांकडे गाव आपणहून लक्ष देईल, कारण तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटात त्याचा वाटा असेल.

याहून पुढचे पाऊल मालकीचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून पाणी देऊन उरलेली वीज ती वितरण कंपनीला विकू लागली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांना साथ दिली. युनिटच्या ठरलेल्या दरावर हरित विजेसाठी आणि पाणी वाचवल्याबद्दल बोनसही दिला. त्या शेतकऱ्यांपुढे रोज एक खरा प्रश्न उभा राहिला : आज हे पाणी उपसू की ही वीज विकू? भूजलाचे कितीतरी कायदे जे करू शकले नाहीत ते या प्रश्नाने केले असते, आणि काही अंशी केलेही. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना आणली ती याच धर्तीवर.

सहकाराचे नाव काढले की मुळा-प्रवरा वीज संस्थेची आठवण करून दिली जाईल. ती आम्हालाही आहे. वीज घेऊन वाटण्याचे काम त्या संस्थेने चार दशके केले, थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये परवाना संपून कारभार राज्य वीज मंडळाच्या वारस कंपनीकडे गेला. त्या अनुभवातून आम्ही हेच घेतले की गावच्या संस्थेने वाटपाच्या व वसुलीच्या फंदात पडू नये. तिने वीज तयार करावी आणि ठरलेल्या दराने उपकेंद्रावर विकावी. दोन मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांत शेतकरी गट, विकास सोसायट्या व बचतगटांचे संघ यांच्यासाठी राखीव हिस्सा ठेवावा, आणि त्यांना जिल्हा बँकेकडून कर्ज मिळावे म्हणून वीजखरेदी कराराला राज्याची हमी द्यावी. बड्या निविदेत गट टिकत नाही. तिथे शेकडो मेगावॉटची बोली एकत्र लागते आणि अनामत रक्कम पाहूनच आमचे लोक परत फिरतात.

मागणी चौथी : छतावरचा लहान ग्राहक मोडू नये, छत नसलेलाही वगळू नये

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले, आणि निमशहरी भागात बरीच छते निळी झाली. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत त्याच महिन्यात दुरुस्ती झाली : दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट नाही, पाच किलोवॉटपर्यंत लागणारी रोहित्राची वा वाहिनीची वाढ कंपनीने स्वखर्चाने करायची. हे नियम चांगले आहेत. तालुक्याच्या कार्यालयात मात्र ग्राहकाला अजून 'मीटर शिल्लक नाही' आणि 'रोहित्राची क्षमता संपली' ही उत्तरे ऐकावी लागतात. पॅनेल बसवून झाले, हप्ता सुरू झाला, आणि नेट मीटर नाही म्हणून वीज तयार होऊनही उपयोग नाही, अशा घरांची यादी आम्ही सोबत जोडत आहोत. ठरलेल्या मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाची भरपाई ग्राहकाला मिळावी.

२०२५ च्या दरप्रस्तावापासून एक मोठी भीती पसरली आहे. दिवसा छतावर झालेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होणार की फक्त दिवसाच्याच? नोकरदार कुटुंब दिवसा घरात नसते, त्याचा वापर संध्याकाळचा. पंचवीस वर्षांचा हिशेब करून ज्याने कर्ज काढले त्याच्यासाठी नियम तिसऱ्या वर्षी बदलणे अन्यायाचे आहे. दहा किलोवॉटच्या आतील घरगुती ग्राहकांना जोडणीच्या दिवशी असलेली नेट मीटरिंगची पद्धत किमान कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, कायम राहावी.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही आम्ही मान्य करतो. पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॉट पॅनेल आयात झाली. ज्यांच्याकडे छत आणि पैसा होता ते ग्रिडपासून दूर सरकले आणि ग्रिडचा ठरीव खर्च उरलेल्यांच्या बिलावर आला. श्रीलंकेत एप्रिल २०२५ मध्ये नववर्षाच्या सुट्टीत मागणी इतकी घटली की छतावरची सौर यंत्रणा दिवसा बंद ठेवा, अशी विनंती लोकांना करावी लागली. आपल्याकडे हे होऊ द्यायचे नसेल तर सवलत लहान ग्राहकापुरती ठेवावी. मोठे बंगले, मॉल आणि कारखाने यांनी ग्रिड वापराचा वाजवी खर्च द्यावा, त्याला आमचा पाठिंबा आहे.

आणि ज्याच्या घरावर पत्रा आहे, जो भाड्याने राहतो, ज्याचे घरकुल अजून अर्धे आहे, त्याचे काय? दिल्लीत एका ठिकाणच्या प्रकल्पाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलातून वजा करण्याची सोय २०१९ पासून आहे. तशी सोय करून शाळेच्या किंवा बाजार समितीच्या छतावरचा प्रकल्प गावातल्या महिना शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांच्या नावे लावावा.

मागणी पाचवी : संध्याकाळची सोय

ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा ग्रिड गेला की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे, पण त्याचा अर्थ असा की डोक्यावर पॅनेल असूनही दुपारी दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंद पडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे, दूध शीतकरण केंद्रे आणि पाणीपुरवठ्याचे पंप इथे बॅटरीसह यंत्रणा द्यावी.

उपकेंद्राच्या पातळीवरही साठवण लागेल. केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण ठेवण्याचा सल्ला दिला आहे. सौर कृषी वाहिनीच्या पुढच्या टप्प्यांत हे लागू करावे आणि ती वीज संध्याकाळी सहा ते दहा गावठाण फीडरला मिळावी. तीच वेळ स्वयंपाकाची, मुलांच्या अभ्यासाची, धारांची आणि बेदाण्याच्या शेडवर माल निवडायची असते. राज्यापुढचा मोठा प्रश्न कोयनेच्या १,९६० मेगावॉटसारख्या जलविद्युत केंद्रांनी आणि घाटघरच्या २५० मेगावॉटसारख्या उदंचन प्रकल्पांनी सोडवायचा आहे, हे आम्ही जाणतो. सह्याद्रीत नवे उदंचन प्रकल्प घेताना तिथल्या गावांनाही आमच्यासारखेच आधी विचारावे, एवढेच इथे म्हणतो.

मागणी सहावी : पाणी

पॅनेल धुवायला पाणी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात माणसांना टँकर येतो त्या गावात प्रकल्पाने बोअर मारू नये आणि टँकरही घेऊ नये. पाण्याविना सफाई करणारी यंत्रे उपलब्ध आहेत, ती वापरण्याची अट घालावी.

भूजलाविषयी आम्हीच बोलणे बरे, कारण पाणी आम्हीच उपसतो. दिवसा आठ तास खात्रीची आणि मोफत वीज मिळाली तर उपसा वाढेल ही शंका खरी आहे. तिला उत्तर म्हणून पुन्हा रातपाळीवर ढकलू नका. फीडरमधली वाचलेली वीज गावाच्या खात्यावर जमा धरा, तिचे पैसे पंपधारकांच्या गटाला द्या आणि पीकपाण्याचा ताळेबंद गटाला करू द्या. धुंडीत जे सहा जणांनी केले ते एका रोहित्रावरचे पंधरा जण करू शकतात. आम्ही आमच्या पंपांना मीटर बसवून घ्यायला तयार आहोत. मीटर पाहून पुढे बिल लावणार नाही, अशी लेखी हमी मात्र आधी हवी.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पंपांसाठी सौर प्रकल्प मंजूर झाला आहे. उपशाच्या वीजबिलात शासन ८१ टक्के आणि लाभधारक १९ टक्के, हे सूत्र आहे. सौर विजेमुळे बिल कमी झाले की आमचे १९ टक्केही त्याच प्रमाणात कमी व्हावेत आणि त्याचा हिशेब पाणीवापर संस्थांना मिळावा.

मागणी सातवी : पंचवीस वर्षांनंतर

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. फुटलेली पॅनेल आजच कुंपणाच्या कडेला पडून आहेत. ती उचलण्याची आणि करार संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याची रक्कम विकासकाकडून पहिल्या दिवशीच ठेव म्हणून घ्यावी. कंपनी विकली गेली तरी ठेव जमिनीशी बांधलेली राहावी.

महोदय, या सातही मागण्यांवर मागणीनिहाय लेखी उत्तर रब्बीचे पहिले पाणी सुरू होण्यापूर्वी मिळावे. त्याआधी आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत फीडरच्या टोकाच्या एका रोहित्रावर दुपारी बारा ते चार थांबून व्होल्टेजची नोंद घ्यावी. दिवस आपण ठरवावा, आम्हाला आदल्या दिवशी कळवले तरी चालेल. पहिल्या तीन मागण्यांवर निर्णय होईपर्यंत गायरान देण्याचे नवे ठराव ग्रामसभेत न मांडण्याची विनंती आम्ही आमच्या गावांच्या सरपंचांना केली आहे. चालू प्रकल्पांचे काम कोणीही अडवणार नाही. आयोगाच्या पुढील जनसुनावणीत हे निवेदन हरकत म्हणून नोंदवून घ्यावे आणि आमच्या दोन प्रतिनिधींना मराठीतून म्हणणे मांडण्याची वेळ द्यावी.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद

सोबत : नेट मीटरच्या प्रतीक्षेतील ग्राहकांची यादी, वहिवाटीच्या वाटांचा हाताने काढलेला नकाशा, टोकाच्या रोहित्रांवर सभासदांनी घेतलेल्या व्होल्टेजच्या नोंदी.

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सांगली, मा. तहसीलदार, जत, संबंधित सर्व ग्रामपंचायती.